चौथी कडी

माझ्या बहिणीच्या बोटातली अंगठी तुम्ही साबण लावून ओढून काढलीत. आधी दोरा बांधला नाहीत. अंगठी तुमच्या हातात सुटली, तिच्या चार कड्या लोंबायला लागल्या आणि तुम्ही म्हणालात, तुटली. ती म्हणाली, तुटली नाही, सुटलीय, द्या इकडं, जोडते. तेवढ्यावरून तुम्ही तिला आत ठेवून घेतलंत.

तेवढ्यावरून नाही, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी तुमचं नाव घेत नाही, तुमच्या दवाखान्याचंही घेत नाही. घेतलं तर तुमच्यातलं कुणीतरी उठून सांगेल की ते साहेब केव्हाच निवृत्त झाले, तो कायदा बदलला, तिथं आता नवी इमारत आहे. मला इमारतीशी भांडायचं नाही. त्या दिवशी टेबलाच्या अलीकडं मी होते, पलीकडं आक्का होती. तुम्ही विसरला असाल. मी विसरले नाही.

मी पोचले तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. व्हरांड्यातल्या लांब बाकावर बायका ओळीनं बसल्या होत्या. सगळ्यांचे केस कानापर्यंत कापलेले, सगळ्यांच्या अंगावर तोच फिकट हिरवा झगा. आक्काला शोधत मी त्या ओळीवरून दोनदा डोळे फिरवले, दोन्ही वेळा ती सापडली नाही. मग ओळीतलीच एक म्हणाली, "चेले, माझ्याकडं बघून पुढं का चाललीस?"

माझं नाव चेलना. चेली म्हणणारं घरात एकच माणूस होतं.

मी तिच्या शेजारी बसले. कमरेखाली जाणारी वेणी होती तिची. विहिरीवर केस धुवायला बसली की मी मागं उभी राहून पाणी ओतायची. ते सगळं गेलं होतं आणि मान एखाद्या पोराच्या मानेसारखी उघडी पडली होती.

"केस?" मी म्हटलं.

"उवा हुत्या. माझ्या न्हवत्या, त्या पलीकडच्या बाईच्या. पण कापताना सगळ्यांचंच कापलं. पंगतीत वाढल्यागत, ओळीनं." ती जरा हसली. "आप्पा कसं हायत?"

"बरं हायत. डोळ्यानं आता काहीच दिसंना. दारात बसून चपलांच्या आवाजावरनं माणूस ओळखत्यात."

"आणि भट्टी?"

"थंड हाय. मी बाहेरची घुंगरं आणून जोडते."

मी घरून बांधून आणलेल्या दशम्या सोडल्या. तिनं दोन्ही हातांनी दशमी धरली, तरी ती थरथरत होती. हात आधी मांड्यांखाली दाबून का ठेवले होते ते मला तेव्हा कळलं.

"गोळ्यांचं हाय ते," ती म्हणाली. "चहाचा कप धरला की अर्धा चहा मलाच आंघोळ घालतोय. खाऊ दे मला, रात्रीचं पोट रिकामंच हाय."

"का?"

"इथं जेवायला दिवस मावळल्यावर घालत्यात. मी न्हाई म्हणते. तर म्हणत्यात, बाई अन्नाला तोंड लावंना."

आम्ही जैन. आमच्या घरात सूर्य बुडाल्यावर चूल पेटत नाही, हे तुमच्या सगळ्या दवाखान्यात कुणालाच कसं ठाऊक नव्हतं?

ती तिथं कशी आली, ते सांगायला हवं. आक्काचं बाळ रांगायला लागलं होतं, तेव्हा तापानं गेलं. ती रडली नाही. फारशी बोललीही नाही. सासरच्या बाहेरच्या सोप्यात बसून बोटातली अंगठी काढायची, सोडायची, जोडायची, घालायची. पुन्हा काढायची. तव्यावर भाकरी करपायची, दूध उतू जायचं, हिचं आपलं चालूच. सासू म्हणाली, सून कामातनं गेली. दाजींनी डोळे तपासून आणू म्हणून तिला गाडीत बसवलं आणि तुमच्या दारात उतरवलं. मी विचारायला गेले तर म्हणाले, "माहेरी न्या की. माझी काय हरकत न्हाई. डॉक्टरनी सोडलं म्हंजे झालं." म्हणजे तुमच्यावरच येऊन थांबलं. आमच्या घरी आई नव्हती, भाऊ नव्हता, आप्पा आंधळे झालेले. तिला आणायला मीच होते, आणि सोडायला तुम्ही.

आणि ती अंगठी. आमचं गाव चांदीचं. कुठल्याही गल्लीत शिरा, हातोड्या ऐकू येतात. आप्पा घुंगरांचे कारागीर, पण आक्काच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या हातानं तिला गुंत्याची अंगठी करून दिली. चार बारीक कड्या, एकमेकींत कायमच्या अडकवलेल्या, आणि अशा वळवलेल्या की नीट बसवल्या तर वर एक गाठ उठते. बोटात असेपर्यंत ती एकच जाड अंगठी वाटते. काढली की विस्कटते. अडकलेल्या कड्या एकमेकींतून निसटत मात्र नाहीत. आमच्याकडं ज्या बायका ती घालतात त्या कणीक मळायला बसण्याआधी दोरा मागतात, चारी कड्यांतून ओवून गाठ मारतात आणि मगच अंगठी काढतात. आक्काला दोरा लागायचा नाही. लहानपणी आप्पांच्या मांडीवर बसून ती शिकली होती, बोलता बोलता न बघता बसवायची. मी कधी शिकले नाही. माझं लग्न झालं नाही, माझी अंगठी झाली नाही, ते राहूनच गेलं.

आम्ही बसलो होतो तिथं शेवंताबाई आली. आया होती. जाडजूड, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"तू धाकटी न्हवं?" ती मला म्हणाली. "मग हिला जरा शानपण शिकीव. साहेब दर फेरीला इचारत्यात, अंगठी कशी हाय. ही म्हणती, अख्खी हाय. झालं. साहेब गेलं पुढच्या खाटंवर आणि ही ऱ्हायली हितंच. एकदा तुटली म्हण आणि सुट की गं बाई."

"तुटलेली न्हाई ती," मी म्हटलं.

"नसंल. माझी सासू मेली तवा मी बी छाती पिटून रडले. खरं रडले व्हय?"

आक्का हसली. मला हसू आलं नाही.

"ही रोज सांगती मला," आक्का म्हणाली. "मनानं चांगली हाय. पण मी कसं म्हणू, चेले? त्यांनी इचारलं बाळ कुठाय, मी म्हटलं गेलं. गेलं न्हाई, असं एकदासुद्धा म्हटलं न्हाई मी. वार इचारला, सांगितला. नवऱ्याचं नाव इचारलं, लाज सोडून सांगितलं. जे हाय ते हाय म्हटलं. आता अंगठीचंच तेवढं खोटं कशाला बोलू? आप्पांच्या हातची वस्तू ती."

"खोटं बोलायचंच न्हाई," मी म्हटलं. "मी त्यांच्यासमोर जोडून दाखवते."

"तुला येतंय?"

"तू सांग. मी करते."

तिनं माझे हात घेतले, उलटेपालटे करून बघितले. घुंगरं जोडून जोडून माझ्या बोटांची टोकं काळी पडलेली.

"हात आप्पांचं हायत," ती म्हणाली. "एकच ध्यानात ठेव. जोर लावायचा न्हाई. जोर लावावा वाटला की समजायचं, चुकलंय."

*

तुमचे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्याचाच मला जास्त राग येतो. आवाज मऊ, चष्मा पुसायची सवय, मला अहोजाहो करत होते. टेबल मोठं होतं. एका टोकाला ते, अलीकडच्या बाजूला मी, पलीकडच्या बाजूला आक्का आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी शेवंताबाई.

"त्रिशला, या कोण आल्यात?"

"माझी बहीण. चेलना."

"कशा आल्या असतील?"

"पहिल्या गाडीनं. तिच्या डोक्यावर धूळ बघा की. खिडकीपाशी बसल्याबिगर तिला करमत न्हाई."

"छान. बाळ कुठं आहे?"

"गेलं."

"आणि अंगठी?"

"तुमच्या कपाटात हाय."

"कशी आहे?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "अख्खी हाय. सुटलीय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पाहिलंत ना?" ते मला म्हणाले. "बाकी खूप सुधारणा आहे. पण एक तुटलेली वस्तू समोर आहे आणि ती तुटलेली नाही असं त्यांना वाटतं. मला अंगठीचं काही नाही हो. ती अंगठी म्हणजे त्यांचं बाळ आहे. ते गेलं, हे मन मान्य करत नाही, म्हणून अंगठी अख्खी."

"साहेब, बाळ गेलं म्हणाली की ती. आत्ताच म्हणाली."

"तोंडानं म्हणाल्या."

"मग माणूस आणखी कशानं म्हणतं?"

ते आक्काकडं बघून नुसते हसले.

"अंगठी काढा," मी म्हटलं. "जोडून दाखवते. जोडली तर आक्का खरं बोलते, हे मानाल?"

त्यांनी घड्याळ बघितलं, मग शेवंताबाईकडं बघून मान हलवली. तिनं कपाटातून एक कापडी पिशवी आणली. डॉक्टरांनी ती टेबलावर पालथी केली. मंगळसूत्र, जोडवी आणि ती. काळी पडली होती, चारी कड्या एकमेकींत वेड्यावाकड्या अडकलेल्या. ज्याला ठाऊक नाही त्याला ते तारांचं भेंडोळंच दिसलं असतं.

"तिच्याच हातात द्या," मी म्हटलं. "ती घटकाभरात बसवील."

"पेशंटच्या हातात धातूची वस्तू देत नाही आम्ही. आणि हात पाहिलेत ना त्यांचे?"

"मग तिला माझ्या शेजारी बसू द्या. बोटानं दाखवील."

"पेशंट त्या बाजूला, नातेवाईक या बाजूला. नियम आहे. तिथूनच सांगू देत ना त्यांना. त्यांनी सांगायचं, तुम्ही करायचं, हे त्यांच्याही दृष्टीनं बरं आहे." आणि ते खुर्चीत मागं रेलले. पोरांचा खेळ बघायला बसतात तसे.

आक्का पुढं सरकली. तिचा आवाज बदलला. आप्पा भट्टीपाशी बसून बोलायचे त्या आवाजात ती बोलायला लागली.

"एका बोटावर घे. नुसती लोंबू दे. हलव जराशी, म्हंजे गुंता आपसूक निघतोय."

मी हलवली. कड्या एकमेकींवरून घरंगळत खाली आल्या आणि लोंबायला लागल्या.

"आता जुळ्या शोध. दोघी सारख्या हायत. मधे खोल वळण हाय, त्या."

"घावल्या."

"एकीच्या वळणात दुसरीचं वळण घाल. फुली झाली?"

"झाली."

"फुलीच्या मधे कवडीएवढी जागा दिसंल."

"दिसते."

"चिमटीत धर आता जुळ्यांना. काय वाट्टंल ते झालं तरी सोडू नको. खाली दोघी ऱ्हायल्या. एक लाजरी, एक आडमुठी. लाजरी कुठली ते तिचं तीच सांगती. जिचं वळण बारीक हाय ती. तिला खालनं वर आण, हळू, जुळ्यांच्या कडंला. ती आपणहून जाऊन बसती."

मी आणली. मला काही करावंच लागलं नाही. कडी जुळ्यांच्या कडेला टेकली, इतकुसा आवाज झाला आणि बसली.

"बसली की ओ," शेवंताबाई म्हणाली आणि जीभ चावली.

डॉक्टर पुढं झुकले होते. मी आक्काकडं बघितलं. तिच्या तोंडावर बाळ झालं तेव्हाचा उजेड होता. खरं सांगते, त्या क्षणी मी तिला घरी घेऊन पोचलेसुद्धा होते. आप्पा दारात होते आणि तिच्या पावलांचा आवाज ओळखत होते.

"आता आडमुठी," आक्का म्हणाली. "ती उलटी लोंबत असती. तिला अर्धी फिरीव. इकडनं." आणि तिनं थरथरता हात उचलून एका अंगाला वळवून दाखवला.

मी फिरवली. बसेना.

"इकडनं गं."

"इकडनंच करते."

"न्हाई न्हाई. इकडनं." तिचा हात पुन्हा तसाच वळला.

मी पुन्हा तसंच केलं. कडी जुळ्यांवर आडवी चढून बसली. काढली, परत घातली. अंगठ्याला घाम सुटला. बाहेर कुठंतरी जेवणाची ताटं वाजायला लागली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, दाबावी. जरा दाबली तर बसेल. आणि तेवढ्यात आठवलं, जोर लावायचा नाही. मी बोट सैल केलं. लाजरी निसटली, जुळ्या सुटल्या आणि अंगठी टेबलावर पडून पसरली.

"राहू द्या," डॉक्टर हळूच म्हणाले.

"परत करते. तीन बसल्या होत्या. बघितलंत तुम्ही."

"मी तुम्हाला दोष देत नाही. तुमचंही दुःख आहे त्यात."

"माझं दुःख न्हाई साहेब. अंगठी हाय ती."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोपर्यंत ते माझ्याशी बोलत होते. आता माझ्याकडं बघायला लागले. मघाशी आक्काकडं बघून हसले होते तसंच हसले आणि म्हणाले, "बहिणीबहिणींत असं होतं कधीकधी. एकीनं मनात धरलेलं दुसरीही धरून बसते. तुम्हाला झोप लागते का नीट?"

मी पसरलेल्या कड्या जवळ ओढल्या.

"घरी कोण असतं तुमच्या?"

"वडील."

"लग्न?"

"न्हाई."

"बरं," ते म्हणाले आणि पेन उचललं.

मला भीती वाटली, हे लिहायला मला लाज नाही. दार माझ्या पाठीमागं होतं आणि ते उघडं आहे की लावलेलं, हे वळून बघायचं धाडस मला होईना.

"साहेब," पलीकडून आक्का म्हणाली. "तुटलीय ती."

 शेवंताबाईच्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"काय म्हणालात?"

"अंगठी. तुटलीय. आता दिसाय लागलं मला. तिनं एवढं केलं तरी जुळंना, म्हंजे तुटलेलीच की."

"कधी तुटली?"

"तुमच्या माणसानं काढली तवाच."

"मग इतके दिवस तुम्ही काय म्हणत होतात?"

"माझं चुकत हुतं."

"आक्का," मी म्हटलं, "असं बोलू नको."

"चेले, गप बस." लहानपणी मला विहिरीच्या काठावरून मागं ओढताना वापरायची, तो आवाज. "ती लहान हाय साहेब. तिला काय कळत न्हाई. तिचा जीव हाय माझ्यावर, म्हणून ती माझ्या बाजूनं बोलती. तुटलीय ती."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. त्यांनी मला सांगितलं, बघा, तुम्हाला ती जोडता आली नाही हेच तुमच्या बहिणीच्या कामी आलं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं ना. मग डॉक्टरांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता आक्काला विचारलं, "घरी जायचं?"

आक्कानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

*

परतीच्या गाडीत ऊन थेट अंगावर येत होतं. तिला मी खिडकीची जागा दिली. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला होता, कापलेले केस दिसू नयेत म्हणून. मी आनंदात असायला हवं होतं. आक्का घरी येत होती. नंतर सगळ्या गल्लीनं मला विचारलं, आणलीस का गं, आणि मी हो म्हटलं.

अंगठी माझ्या रुमालात होती. मी ती काढली. काही ठरवून नाही, हातांना राहवेना म्हणून. बोटावर लोंबवली, हलवली. जुळ्या, फुली, कवडी. लाजरी. इथपर्यंत गाडीच्या धक्क्यांतही जमलं. मग आडमुठी हातात घेतली आणि आक्कानं हात कसा वळवला होता ते आठवलं. आठवताना मी तिच्याकडं बघितलं. आता ती समोर नव्हती, शेजारी होती. दोघींची तोंडं एकाच दिशेला होती.

ती टेबलाच्या पलीकडून इकडनं म्हणत होती. तिचं इकडं ते माझं तिकडं होतं.

मी कडी दुसऱ्या अंगानं अर्धी फिरवली. जोर नाही, काही नाही. दार आपल्या वजनानं मिटावं तशी ती बसली. वर गाठ उठली, आप्पांनी केली होती तशी.

"आक्का," मी म्हटलं. "हे बघ. बसली. तू समोर हुतीस म्हणून उलटं झालं गं. शेजारी बसू दिलं असतं तर तिथंच झालं असतं. बघ की."

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तोंड खिडकीकडं वळवलं.

"तुटलीय ती," ती म्हणाली.

"आक्का, इथं त्यांचं कोण न्हाई. आपणच हाय."

"तुटलीय, चेले. ठीव आत."

मी तिचा हात धरला आणि अंगठी तिच्या बोटात घालायला गेले. तिनं मूठ मिटली. घट्ट. मला ती उघडता आली असती. हात अशक्त होते तिचे. पण जोर लावायचा नाही, असं तिनंच सांगितलं होतं.

घरी आप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केसांपाशी हात थांबला. मग मी अंगठी त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी अंगठ्यानं गाठ चाचपली, चारी कड्यांच्या कडा चाचपल्या, आणि म्हणाले, "अख्खी हाय की."

"न्हाई, आप्पा," आक्का म्हणाली. "तुटलीय."

आप्पांनी अंगठी परत दिली नाही, मुठीतच ठेवली. आक्का आत गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "ही कोण आणलीस तू?"

आक्का पुढं बरीच वर्षं जगली. जेवण करायची, माझ्याबरोबर घुंगरं जोडायला बसायची, देवळात जायची. हातांची थरथर गेली. केस वाढले. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, गुण आला. पण तिला काहीही विचारलं की ती आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची. आमटीत मीठ बरोबर हाय का, आक्का? तुला कसं वाटतंय? बाहेर कोण आलंय? तू म्हणशील ते. तिकडं बाकावर बसून माझ्याशी थट्टा करणारी, पंगतीचं, उवांचं, चहाचं बोलणारी जी होती ती परत कधी बोलली नाही. बाळाचं नाव एकदा मी मुद्दाम काढलं. ती माझं तोंड वाचत राहिली. मला कुठलं उत्तर हवंय ते तिला कळेना, म्हणून ती काहीच म्हणाली नाही. तेव्हा मी उठून घरामागच्या परड्यात गेले आणि तिथंच बसून राहिले.

आप्पा गेले. मग तीही गेली. आता या घरात मला चेली म्हणणारं कुणी नाही. घुंगरं जोडते, संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत एकटीचं ताट घेते. कधी कधी चारी कड्यांची नावं मोठ्यानं घेते, कारण ती ठाऊक असलेलं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या बाकावर मला एक बाई भेटली होती. ती जे आहे ते आहे म्हणायची. तिचं बाळ गेलं होतं आणि ती गेलं म्हणायची. तिची अंगठी अख्खी होती आणि ती अख्खी म्हणायची. तिला तुम्ही कुलपात ठेवलंत. आणि जी तुमच्या तोंडाकडं बघून तुम्हाला हवं ते बोलली, तिला बरी झाली म्हणून माझ्याबरोबर लावून दिलंत. मी जिला न्यायला आले होते ती ही नव्हे. ती दुसरी तुम्ही कुठं ठेवलीत, ते मला सांगा.